बुध्या, एक बाइट दे!

होळी आली की सातपुड्यातल्या काठी गावाला जायचं, हे आता पुण्या-मुंबईच्या कॅमेऱ्यांना पाठ झालंय. अक्कलकुव्याहून घाट चढायचा, रात्रभर ढोल ऐकायचा, कमरेला भोपळे बांधून नाचणाऱ्या बुध्याला 'भाऊ, जरा इकडं बघ' म्हणायचं आणि पहाटे राजवाडी होळी पेटली की जेवायला नंदुरबार गाठायचं. बातमी गेल्या वर्षीचीच असते: 'सातपुड्यात अवतरली आदिम संस्कृती'. तारीख तेवढी बदलायची.

आदिम बुध्या मात्र आपला नाच आपणच मोबाइलवर टाकायला बघतो. रेंज मिळत नाही. पण रेंज ही काही संस्कृती नव्हे. तो 'जिल्हा वार्ता'चा विषय. जाहिरात आली की तीही वार्ता उडते.

होळीचा उंच बांबू येतो गुजरातच्या जंगलातून. म्हणजे पहिली थाप पडायच्या आधीच दोन राज्यं आणि जंगल कुणाचं हा प्रश्न हजर. सरदार सरोवराच्या पाण्यानं याच नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. त्यांच्या होळीची राखही पाण्याखाली गेली. हे राजकारण की संस्कृती? आमच्याकडे त्यासाठी दोन वेगळी पानं आणि दोन वेगळे बातमीदार.

डब्लिनमध्ये १९४० साली शॉन ओ फेलॉननं 'द बेल' (घंटा) नावाचं मासिक काढलं. त्यात कथा-कविता होत्या, कैद्याच्या आठवणी होत्या आणि सेन्सॉरशिपला चिमटेही. त्याला पानं वेगळी करायचं सुचलं नाही, बिचाऱ्याला!

आपल्याकडे कुणी केलंच नाही असं नाही. गणेश देवींच्या पुढाकारानं बडोद्याच्या 'भाषा' संस्थेनं १९९०च्या दशकात आदिवासी भाषांतलं 'ढोल' हे मासिक काढलं, काठीच्या परिसरातल्या देहवाली भिलीसकट. घंटेला आमचं उत्तर ढोल! पण किती मराठी संपादकांनी तो ऐकला?

भाषेचा हिशेबही मजेदार आहे. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे आयर्लंडच्या २०२२च्या जनगणनेत सुमारे ७२ हजार, तरी ती २००७पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा. भिली-भिलोडी मातृभाषा सांगणारे २०११मध्ये एक कोटीहून जास्त, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा पत्ता नाही. ती फक्त होळीच्या रात्री 'पार्श्वसंगीत' म्हणून चालते.

वेबसाइट काढायला आता छापखाना लागत नाही, कागद लागत नाही. काठीच्या पोरांनी उद्या आपलं ऑनलाइन मासिक काढलं, तर एकाच पानावर होळीत नाचणाऱ्या मोरखीचा टोप, वनहक्काचा दावा आणि बंद पडलेला टॉवर येईल. मग आम्ही तिथून उतरवून घेऊ आणि खाली लिहू, 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

तोवर पुढच्या होळीला कॅमेरा आणाच. एकच प्रश्न विचारा, पण देहवालीत. त्यासाठी दुभाष्या शोधावा लागला, तर बातमी तीच आहे.