पहिला आला, पुढारी झाला

राजकारणात हुशार माणसं येत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्राने 1994 च्या विद्यापीठ कायद्यात एका फटक्यात निकाली काढली. वर्गात पहिला आला की झाला वर्गप्रतिनिधी. प्रचार नाही, मतदान नाही. त्या बिचाऱ्याची इच्छा आहे का, हेही कुणी विचारणार नाही. खेळ, संस्कृती, एनसीसीचे प्रतिनिधी प्राचार्य नेमणार, आणि गाऱ्हाणंही त्यांच्याकडेच न्यायचं. नाशिकच्या कॉलेज रोडवरची अठरा वर्षांची पोरं खासदार निवडू शकत होती, कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, निवडायची अक्कल मात्र त्यांना नाही, असं ठरलं. तो निवडायचा फक्त या नेमलेल्या प्रतिनिधींनी. ज्याला खरंच जी.एस. व्हायचं, तो कॅन्टीनमध्ये. ज्यांची मतं हवीत, ते अभ्यासिकेत. मग जर्नल पुरं करणाऱ्या मुलांना ऐन निवडणुकीत अचानक जिवलग मित्र फुटायचे.

2016 च्या कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या. 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं, आणि लगेच पुढे ढकललं गेलं. आधी विधानसभा, मग जी.एस.! विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने मात्र उमेदवाराला खर्चाची 5000 रुपयांची मर्यादा कधीच घालून ठेवली आहे. तेवढ्यात नाशकातल्या कार्यकर्त्यांची मिसळ तरी भागेल का, हे समितीने सांगितलेलं नाही.