नोकरी, पदवी आणि चौथी सीट

नोकरी सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्याने सर्वप्रथम एक पथ्य पाळावे: घर ऑफिसजवळ घेऊ नये. वेळेचे नियोजन शिकवणारी पुस्तके पहाटे चारला उठायला सांगतात. पण पहाटे उठलेल्या माणसाला पाणी भरण्यापासून डबे भरण्यापर्यंत सगळी कामे आपोआप चिकटतात. घरी माणूस रिकामा दिसतो, ऑफिसात तो पगारी असतो, आणि उघडलेले पुस्तक दोन्हीकडे डोळ्यांत खुपते. म्हणजे अभ्यासाला अशी जागा हवी, जिथे ना साहेबाची सत्ता चालते ना सासूबाईंची. कल्याण ते सीएसएमटी हे लोकलचे सुमारे 54 किलोमीटर ती जागा देतात, तीही मासिक पासात.

पूर्वी ही सोय कॉलेजेच पाहत. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरदारांना जमावे म्हणून तास सकाळी ठेवले. त्यामागे हिशेब असा की कचेरी ठरल्या वेळी भरते आणि (हे आज सांगूनही पटणार नाही) ठरल्या वेळी सुटते. आता रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘जरा बघून घ्या’ येते. 1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ आले आणि रोज वर्गात जाण्याची अट गेली, पण घरी पुस्तकांचा गठ्ठा आला म्हणून अभ्यासाची वेळ येत नाही. संपर्क सत्र ठेवावे तर रविवारी, आणि मेगाब्लॉकही रविवारीच.

म्हणून लोकलच बरी. तिथल्या गर्दीत पुस्तक उघडणार कसे, असा आक्षेप येईल. उघडूच नये. नोट्सच्या झेरॉक्सची चार पदरी घडी एका हातात मावते, दुसरा हात कडीला. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर उत्तमच, कारण तिथे अर्धेच अंग टेकते आणि झोप लागत नाही. विंडो सीट मात्र कटाक्षाने टाळावी. वारा लागला की परीक्षार्थी घाटकोपरच्या आत घोरू लागतो. येताना दमलेल्या डोक्यात काय शिरणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणून समजून घ्यायचे ते जाताना, परतीला नुसती घोकंपट्टी. आणि ‘वर्क फ्रॉम होम’ देऊ केले तर निकाल लागेपर्यंत नम्रपणे नाकारावे.

राहिली परीक्षेची रजा. खरे कारण लिहू नये. पदवीचे नाव काढले की साहेबाला वाटते, हा नोकरी सोडणार. चुलतभावाचे लग्न बिनतक्रार मंजूर होते. फक्त सेमिस्टर पद्धतीत परीक्षा वर्षातून दोनदा येते, तेव्हा चुलतभावंडांची यादी प्रवेश घेतानाच तयार ठेवावी.