पाढे राहू द्या, आधी नाडी बांधू दे

म्युनिक,
२ ऑगस्ट २०२६

ती. आई-बाबांस,


यंदा गणपतीत ठाण्याला, वर्तकनगरला येणं होणार नाही. १४ सप्टेंबरला चतुर्थी आणि १५ तारखेला बव्हेरियातल्या शाळा सुरू. बाप्पा मखरात बसले की दुसऱ्याच दिवशी तुमचा नातू पहिलीच्या बाकावर. ‘चार दिवस बुडाले तर काय होतं?’ हा बाबांचा प्रश्न ठाण्यात बिनतोड आहे. इथे दंड होतो. २०१८ साली मेमिंगनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टी लागायच्या आधीच पोराबाळांसह उडू पाहणारी कुटुंबं गाठली होती. गजाननाच्या दर्शनाला निघालो होतो, हे कारण त्यांच्या रकान्यात बसणार नाही.

आईची काळजी मात्र निराळी. पोराला पाढे येत नाहीत, जोडून लिहिता येत नाही, मग शाळेची तयारी काय झाली? माझं म्हणणं असं की, ही सगळी तयारी शाळेच्या वाट्याची आहे. ती शाळेला करू द्यावी. घरानं करायची ती हातापायांची, कानांची आणि तोंडाची. इथे पहिलीआधी सरकारी आरोग्य तपासणी असते. त्यात नजर आणि कान बघतात, एका पायावर उड्या मारायला लावतात, चित्र काढून घेतात, बोलतं करतात. धडा कोणी वाचून घेत नाही. हे जर्मनांचे चोचले वाटत असतील तर आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे नजर टाका. २०२२ पासून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. तिथेही उड्या, चेंडू, रंगकाम, कागदाच्या घड्या, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र बघून गोष्ट सांगणं हेच असतं, आणि घरी हे कसं करून घ्यायचं ते आयांना समजावून देतात. थोडक्यात, बव्हेरियाचं सरकार आणि महाराष्ट्राचा शिक्षण विभाग यांचं ज्यावर एकमत आहे, त्याला विरोध उरला तो फक्त वर्तकनगरच्या आजीचा.

यामागे साधा हिशेब आहे. बाई पंचवीस मुलांना एकदम ‘अ’ शिकवू शकतात, पण पंचवीस जोड्या बुटांच्या नाड्या एकदम बांधू शकत नाहीत. ज्याला जॅकेटची चेन लावता येत नाही, डबा उघडता येत नाही आणि ‘मला कळलं नाही’ हे मोठ्यानं म्हणता येत नाही, त्याचा निम्मा दिवस त्यातच जातो. उलट ज्याला सगळं आधीच येतं, तो कंटाळून शेजाऱ्याच्या खोड्या काढतो. आपल्याकडे सिनियर केजीतच शंभरपर्यंत आकडे गिरवून घेतात. मग पहिलीतल्या बाईंनी करायचं काय?

बाबा म्हणतील, तुमच्याकडे चौथीच्या गुणांवर पोराची पुढची वाट ठरते, मग आतापासून पळवायला नको का? आक्षेप खरा आहे, आणि चौथीची ती चाळणी मलाही पटत नाही. पण चौथीच्या निकालाला जवळपास चार वर्षं आहेत, आणि तिथवर पोचायला आधी शाळा आवडावी लागते.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. इथे सुट्टीत आईबाप मुलाबरोबर शाळेची वाट पुन्हापुन्हा चालतात, कुठे थांबायचं, कुठे वळायचं ते पाठ करून घेतात, आणि हळूहळू त्याला एकटं सोडतात. गाडी फाटकापर्यंत आणू नका, म्हणून शाळाच विनवण्या करते. पोखरण रोडवर हे करून दाखव, असं तुम्ही म्हणाल. नाही दाखवणार. बस, रिक्षा आणि फुटपाथवरून येणाऱ्या स्कूटी यांच्यातून सहा वर्षांचं पोर कोणीच एकटं पाठवू नये. त्यात दोष रस्त्याचा, पोराचा नाही. पण हात धरला तरी दप्तर त्याच्या पाठीवर राहू शकतं. सकाळी वर्तकनगर नाक्यावर बघा, दप्तर आजोबांच्या खांद्यावर, बाटली आजीच्या हातात आणि विद्यार्थी मोकळा. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असा आदेश सरकारनं २०१५ मध्ये काढला. आजोबांच्या वजनाच्या किती टक्के, ते त्यात नाही.

पहिल्या दिवशी इथे प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या छातीएवढा पुठ्ठ्याचा शंकू देतात, खाऊनं भरलेला. तेव्हा या शंकूसाठी तुम्ही जे पार्सल पाठवणार आहात, त्यातून पाढ्यांचं पुस्तक काढा. अंकलिपी मात्र असू द्या, मराठी आपल्याला घरीच शिकवायची आहे. उरलेल्या वजनात चकल्या घाला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचतील अशा बेतानं पाठवा.

आपला,
बाळ्या