मोटार हवा धरते तेव्हा

माशांच्या टाकीला बाहेरून जोडलेल्या पंपाला पाणी फेकता येते, हवा उपसता येत नाही. पोटात हवा शिरली की त्याचा पंखा नुसता गरगरतो. भालकी-बसवकल्याणच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की तो बादलीने पाणी ओतून सक्शनचा पाइप भरतो आणि मोटारीच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. हाच गृहस्थ बीदरला घर बांधून दिवाणखान्यात गोल्डफिश पाळतो, तेव्हा मात्र पंप दिसायला बरा म्हणून टाकीच्या वर फळीवर मांडतो.

पंपाची जागा टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली. म्हणजे पाणी आपण होऊन त्याच्याकडे येते. सक्शनचा पाइप आखूड, पंपाच्या तोंडाहून अरुंद नसलेला आणि मधे कुठेही कुबड नसलेला हवा. कुबड दिसले की हवा तिथे ठाण मांडते. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातली सुरंग बावी आहे. जांभ्या दगडातून खोदलेल्या त्या भुयारात पाणी उताराने वाहते आणि उभ्या विहिरींतून हवा राजरोस ये-जा करते. पाइपात तिला परवाना नसतो, म्हणून ती चोरवाट काढते.

चोरवाट सापडणे अवघड, कारण डिलिव्हरीचा सांधा गळला तर फरशी ओली होते आणि घरातून तक्रार येते. सक्शनचा सांधा मात्र पाणी न सांडता हवा ओढत राहतो. फरशी कोरडी, प्लंबर निर्धास्त. यावर उपाय दाढीच्या फेसाचा: चालू पंपाच्या सक्शनच्या सांध्यांवर तो फासावा, जिथे आत ओढला जाईल तिथे टेफ्लॉन टेप नव्याने, आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. त्या सकाळी घरात पंपाची तेवढी दाढी होते.

पाणी कमी करायचे तर व्हॉल्व्ह डिलिव्हरीवर फिरवावा. सक्शन आवळले की आतला दाब उतरतो आणि विरघळलेली हवाही बुडबुडे होऊन बाहेर पडते. बीदर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. हवेचा दाब थोडा कमीच. घरातल्या टाकीला तो फरक जाणवत नाही, पण प्लंबरला दोष द्यायला पुरतो. पाणी ओढणारे तोंडही खोल बुडालेले असावे, नाहीतर भोवरा होऊन वरची हवा आत जाते. परतीचा पाइप उंचावरून धबधबा सोडत असेल, तर टाकीतल्या बुडबुड्यांबाबत पंप बिचारा निर्दोष.

बुडबुडे म्हणजे माशांना ऑक्सिजन, असे समजून पाहुणे कौतुक करतात. वास्तविक दाबाखाली पाण्यात जादा हवा विरघळली तर माशांच्या रक्तात बुडबुडे होऊन ते दगावतात.

पंप चालू करण्याआधी पाइप पाण्याने भरून हवा काढून टाकावी. सुरुवातीचे बारीक बुडबुडे आपसूक थांबतात. कलबुर्गीच्या मे महिन्यात काचेला चिकटलेल्या बुडबुड्यांसाठीही पंप उघडू नये. कोमट पाण्यात वायू कमी मावतो. पण परतीच्या पाइपातून आठवडाभर बुडबुड्यांचा फवारा येतच राहिला, तर दाढीचे सामान पुन्हा काढावे.