घरबसल्या भविष्य : नंदुरबारकरांसाठी सोपी कृती

ज्योतिष अवघड आहे, ही अफवा पंचांग न उघडणाऱ्यांनी पसरवली आहे. खालील पायऱ्या क्रमाने पाळल्या, तर शहाद्यात ओट्यावर बसून मुलीचं लग्न, मिरचीचा भाव आणि अमेरिकेची निवडणूक एका बैठकीत उरकता येते.

साहित्य : यंदाचं पंचांग, चष्मा आणि ऐकणारी दोन-चार माणसं. चष्मा नसला तरी चालेल.

१. जन्मवेळ मिळवा. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, म्हणून वेळ अचूक हवी. आपल्याकडे तारखेचीच बोंब. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांना सरसकट 1 जूनला जन्माला घातलं, ती मंडळी अजून गावोगाव आहेत. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून असल्या तारखांना दिल्लीचाही आधार मिळाला. घाबरू नका, आईला विचारा. ‘गुरं घरी येत होती’ म्हणजे सायंकाळ. ‘लाइट गेली होती’ हा पुरावा मात्र धरू नये. ती रोजच जायची.

२. पावसापासून सुरुवात करा. सूर्य मृगात शिरतो तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहा. सूर्यनक्षत्रापासून तिथवर मोजा, 9 ने भागा. बाकी उरेल ते वाहन. शून्य उरलं तर हत्ती, 1 घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक. हत्ती, बेडूक, म्हैस आली की बियाणं आणा. कोल्हा, मेंढा आला की उधारी वसूल करा. सगळ्यात सोयीचा घोडा, कारण त्याचं फळ ‘डोंगराळ भागात पाऊस’. आपल्याला सातपुडा आहे. तोरणमाळला झोडपलं तर भविष्य खरं, आणि खाली नंदुरबारात धूळ उडाली तरी खरंच. एकच जनावर आंबोलीपासून अक्कलकुव्यापर्यंत सगळ्या महाराष्ट्राला पुरतं, ही बचत वेगळी.

३. गणिताच्या आड उभे राहा. गुरूला सूर्याभोवती फिरायला 11.86 वर्षं लागतात. तो सिंह राशीत आला की प्रकाशाला तापीकाठी सिंहस्थाची पर्वणी लागते. गुरू कधी येणार, हे पंचांगकर्ता कितीतरी वर्षं आधी सांगतो आणि तो येतोही. हे खगोलाचं गणित. ते ऐकून लोक थक्क झाले, की त्याच दमात ‘म्हणून यंदा तुमची बदली होणार’ हे सांगून टाकावं. मधला ‘म्हणून’ कुणी तपासत नाही.

४. जग हाताळा. पाडव्याला जो वार, त्याचा ग्रह त्या वर्षाचा राजा. 13 एप्रिल 2021 चा पाडवा मंगळवारी होता. राजा मंगळ, फळ युद्ध. पुढच्या फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला. हे चारचौघांत ठणकावून सांगा. नंतर 2022 ला शनी आणि 2023 ला बुध गादीवर बसला तरी युद्ध चालूच राहिलं, हे सांगायला वेळ पुरणार नाही.

५. घरचा सल्ला जपून द्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा गळ्याखाली हात फिरवून देवमण भोवरा चाचपतो, पंचकल्याणी आहे का ते पाहतो. पण लगेच जबडा उघडून दात मोजतो, चालवून-पळवून बघतो आणि मगच कनवटीला हात घालतो. मुलीच्या स्थळातही 36 पैकी 18 गुण जुळले की आनंद मानावा. मात्र पोराचे दात, पगार आणि संध्याकाळची संगत पाहण्याचं काम मंगळावर सोडू नये.

६. वही ठेवू नका. हे पथ्य सगळ्यांत कडक. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा एकूण 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कुठली कुणाची ते सांगितलं. उत्तरं सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आली असती. हे 2009 साली छापूनही आलं. दोष ग्रहांचा नव्हता. आधी लिहून घेतलं आणि मग मोजलं, तिथेच घात झाला. म्हणून भविष्य नेहमी तोंडी सांगावं. लिहून दिलेलं भविष्य आणि तारीख घातलेला चेक, दोन्ही वटवायला लोक दारात येतात.