नाव दर्शनाचं

आमच्या नगर जिल्ह्यात कुणी फिरायला जात नाही. १७,०४८ चौरस किलोमीटरचा जिल्हा, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा; १४ तालुके; एका टोकाला कळसूबाई, दुसऱ्या टोकाला भीमा. पण ‘आम्ही दोघं जरा फिरून येतो’ असं मोठ्यांदा सांगून उंबरा ओलांडलेलं जोडपं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. इथं माणूस दर्शनाला जातो. दर्शनाला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही, किती खर्च झाला विचारत नाही, आणि उशीर झाला तर ‘रांग असेल’ असं घरचेच परस्पर ठरवून टाकतात. शिर्डीत वॉटर पार्क झाल्यापासून साईबाबांवरची तरुण श्रद्धा उन्हाळ्यात विशेष वाढते, असं माझं निरीक्षण आहे. मे महिन्यात तर ती उतू जाते. बॅगेत वरती नारळ, खाली पोहायचे कपडे. येताना नारळाच्या जागी प्रसाद, आणि खालचं सगळं ओलं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. १९८४ साली माझं लग्न झालं. आठवड्याभरानं मी आईला सरळ सांगितलं, ‘हिला घेऊन चांदबिबीच्या महालाला जाऊन येतो.’ आईनं विचारलं, ‘तिथं देव कोणता?’ मी म्हणालो, ‘देव नाही.’ देव नाही म्हणून आईनं धाकट्या भावाला बरोबर दिलं. स्कूटरवर पुढं मी, मागं ही, आणि मधोमध बारा वर्षांचा भाऊ, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. डोंगरावर पोचेपर्यंत लाडू संपले होते. आमचा मधुचंद्र म्हणतात तो एवढाच.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, चांदबिबीचा महाल हा महाल नाही आणि तो चांदबिबीचाही नाही. ती कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची. अष्टकोनी, तीनमजली, सोळाव्या शतकातली, आणि शहा डोंगरावर अशा जागी की सगळं नगर पायाशी दिसावं. चांदबिबीनं मुघलांविरुद्ध झुंज दिली ती खाली शहरात, भुईकोट किल्ल्यात, १५९५-९६ साली. लढली ती एकीकडं, नाव लागलं दुसरीकडं आणि निजला आहे तिसराच. लोकांनी वजिराचं नाव पुसून राणीचं लावलं, यात मला तरी गैर वाटत नाही. एवढी चढण चढून वजिराला भेटायला कोण जाणार?

आता तिथं प्री-वेडिंग शूट होतं. नवरदेव भाड्याच्या शेरवानीत, नवरी तीस हात लांब शेपटाच्या गाऊनमध्ये, फोटोवाला तिला सांगतो, ‘मॅडम, पळत या, मागं वळून हसा.’ ‘जन्मोजन्मी साथ’ असं लिहिलेली पाटी धरून दोघं उभी राहतात, आणि पाठीमागं सलाबतखान. संसाराची सुरुवात थडग्यापासून करण्याइतका मोकळेपणा आमच्या पिढीत नव्हता. आम्ही त्या विचारापर्यंत हळूहळू, दहाएक वर्षांनी पोचलो.

तर आता पुतण्याचं सांगतो. माझ्या सावेडीतल्या घरात वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको राहतात. लग्नाला दीडएक वर्ष झालं. त्याचा बाप म्हणजे तोच, डब्यातले लाडू संपवणारा माझा भाऊ. गावाकडं शेती बघतो. सूनबाई अकोल्याची. विदर्भातलं अकोला वेगळं, आमचं अकोले वेगळं, हे समजावण्यात तिचं निम्मं कॉलेज गेलं. म्हणजे मुलगी उत्तरेची, मुलगा दक्षिणेचा. आमच्या जिल्ह्यात उत्तरेत पाणी आणि दक्षिणेत पाण्यावरची भाषणं, अशी रास्त वाटणी आहे. त्यामुळं जिल्ह्याचं विभाजन व्हावं ही मागणी इतकी जुनी आहे की तिला आता नातवंडं झाली असतील. मुख्यालय संगमनेरला की श्रीरामपूरला, एवढ्यावर घोडं अडलंय. सूनबाई म्हणते, ‘काका, आमचंही तसंच आहे. विभाजन झालंय, आम्ही नगरला आलोय. पण मुख्यालय अजून गावालाच आहे.’ रोज सकाळी सात वाजता गावाहून सासूबाईंचा फोन येतो आणि त्या दिवशीची भाजी जाहीर होते.

लग्न झालं ते २०२४ च्या हिवाळ्यात. त्याच ऑक्टोबरात जिल्ह्याच्या नव्या नावाचं राजपत्र निघालं होतं आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं होतं. मांडवात तांदळाचं ताट पुढं आलं. भाऊ म्हणाला, ‘सुनेचं नाव काय ठेवायचं?’ अंगठी हातात धरून सूनबाई शांतपणे म्हणाली, ‘आबा, चोंडीची लेक होळकरांच्या घरी नांदायला गेली आणि महेश्वरला बसून राज्य चालवलं. तिचं नाव लावलेल्या जिल्ह्यात सुनेचं पुसायचं का?’ मांडवात शांतता पसरली. भटजींनी घड्याळ पाहिलं. मग तांदळात तिनं तिचंच नाव लिहिलं, आणि भावानं ते असं वाचलं, जणू काही त्यानंच सुचवलं होतं.

कागदोपत्री मात्र सगळा आनंद आहे. तिचं नाव जुनं, जिल्ह्याचं नवं. त्याच्या आधारवर जुना जिल्हा, विवाहाच्या दाखल्यावर नवा. एका कचेरीत (कोणत्या ते विचारू नका, पुन्हा काम पडतं) बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, ‘तुम्ही दोघं वेगवेगळ्या जिल्ह्यांतले का?’ बोलताना सगळेच अजून ‘नगर’ म्हणतात. आम्ही आधीही अहमद म्हणत नव्हतो, त्यामुळं आमच्या जिभेला काहीच त्रास झाला नाही. एसटीच्या खिडकीतून कंडक्टरही ‘नगर, नगर, नगर’ एवढंच ओरडतो.

संसार रोजचा कसा चालतो? चालत नाही, जिन्यावर ओझरता दिसतो. पुतण्या सुपा एमआयडीसीत. त्याची सुट्टी गुरुवारी. सूनबाई शिक्षिका, तिची रविवारी. दोघांना एकत्र सुट्टी म्हणजे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळी. या जोडप्याइतकं प्रजासत्ताक दिनावर प्रेम करणारं दुसरं कुणी नसेल. एरवी तो रात्रपाळीहून येतो तेव्हा ती निघते. सहाव्या पायरीवर भेट होते, ‘दूध तापवलंय’ एवढं बोलणं होतं. दिवसपाळी असली की ती मोबाइलवर त्याचं लाइव्ह लोकेशन बघते. तो हिरवा ठिपका सुप्याहून निघाला की ती कुकर लावते, केडगावला आला की पोळ्या. मध्येच ठिपका कुठं चहाला थांबला तर भात गिचका होतो.

ठिपक्यावरून मला आमच्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला, आणि मराठीत नवऱ्याबद्दल इतकं खरं आणि इतकं हसत लिहिणारी बाई कुणी पाहिली नव्हती. रेव्हरंड टिळक लहर आली की घरात न सांगता निघून जायचे. कुठं गेले, कधी येणार, काही पत्ता नाही. १८९५ साली तर ते धर्म बदलून मोकळे झाले. बाईंना पाच वर्षांनी त्यांच्यामागं जावंसं वाटलं. लाइव्ह लोकेशन असतं तर टिळक सापडले असते. पण मग ते पुस्तक कुठून आलं असतं? ठिपक्यावर कुणी स्मृतिचित्रं लिहीत नाही.

आता सहली. लग्नानंतरचा पहिला प्रवास अर्थातच जेजुरीचा. एका क्रूझरमध्ये नवरा-नवरी धरून चौदा माणसं, त्यात दोन करवल्या, एक आत्या, आणि ‘गाडी लागते’ म्हणून पुढं बसलेला माझा भाऊ. पायऱ्यांवर नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. पुतण्यानं चढवलं, आणि पुढचे चार दिवस कंबरेला मलम. कुणी हनिमूनचे फोटो मागितले की सूनबाई तो मलमाचा फोटो दाखवते.

खरा बेत होता भंडारदऱ्याचा. आता नगरहून पुणं १२० किलोमीटर आणि आमच्याच जिल्ह्यातलं भंडारदरा त्याहून लांब. जूनच्या सुरुवातीला काजव्यांच्या दिवसांत दोघं गेली. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. वरच्या आदिवासी पाड्यांच्या डोळ्यांदेखत ते पाणी खाली उसाला जातं. पण सहलीला गेलेल्या माणसानं असं काही बोलू नये, चहा कडू लागतो. रात्री काजवे. हिरडा-बेहड्याच्या झाडावर हजारो काजवे एका तालात उघडमीट करतात आणि सगळं झाड श्वास घेतल्यासारखं दिसतं. ते पाहायला मुंबई-पुण्याच्या शेकडो गाड्या आल्या होत्या, आणि काजवे नीट दिसावेत म्हणून लोकांनी हेडलाइट लावून ठेवले होते. मोबाइलच्या टॉर्चमध्ये एकजण विचारत होता, ‘लाइटवाले किडे कुठायत?’

दोघांना अर्धा तास एकांत मिळाला. मग अंधारातून आवाज आला, ‘ताई, तू का गं?’ सूनबाईचा मामा. माहेर एवढ्या जवळ, आणि पोरीनं न सांगता यावं? मामा, मामी, तीन मामेभाऊ आणि डांगी गाईच्या तुपाचा डबा. उरलेली सहल मामाच्या ओट्यावर झाली. दुसऱ्या दिवशी कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. लोखंडी शिड्या चढून वर गेल्यावर तिथं देवीचं देऊळ. पुतण्यानं तिथूनच बापाला फोन केला, ‘दर्शन झालं.’ भाऊ प्रसन्न. माझ्या मते ते देऊळ तिथं आहे म्हणून कित्येक पोरांना डोंगर चढता आला असेल.

गाण्यांचा कारभार तर फारच गुंतागुंतीचा आहे. जुनी गाडी घेतलीय, तिच्यात मोबाइलवरून गाणी. पुतण्याच्या फोनमध्ये एक यादी आहे, तिचं नाव ‘आईसाठी’: प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी. आई गाडीत बसली की ती लागते. एकदा सगळे शिर्डीला निघाले. नगर-मनमाड रस्त्यावर ताल गाण्याचा नसतो, रस्त्याचा असतो. राहुरीपर्यंत दादरा, कोल्हारच्या पुढं केरवा, आणि मध्येच सम अशी येते की डोकं टपाला लागतं. तीन अभंग झाले, चौथा सुरू झाला, तेवढ्यात आईच मागून म्हणाली, ‘बास कर रे आता. ते झिंगाट लाव.’

हे ‘झिंगाट’ ज्यातलं, तो ‘सैराट’ २०१६ चा. अजय-अतुलनी त्याच्या गाण्यांसाठी सिम्फनीचा वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. आपली व्हायोलिनं पुढं आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, नवरदेवाच्या काकाच्या छातीत धडकी भरेल अशा आवाजात वाजणार आहेत, हे त्या बिचाऱ्या वादकांना कुणी सांगितलं नसावं.

पुतण्याच्या स्टेटसवर मात्र पंजाबी रॅप असतं. सुप्यातले मित्र काय म्हणतील? पण रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरून जे खाली येतं ते अरुण दाते. आवाज बारीक, दार बंद, पंखा मोठा. सूनबाईला तिच्या आजीनं लावलेली सवय. चोरून दारू प्यावी तशी ही दोघं चोरून भावगीत ऐकतात. खाली आमची ही टीव्ही बंद करते आणि ‘डास फार झालेत’ म्हणत खिडकीशी जाऊन बसते.

या जानेवारीत हुरड्याचा बेत झाला. २६ तारीख, म्हणजे दोघांचा सण. पुणे रस्त्याला एका कृषी पर्यटनवाल्याकडं माणशी साडेसहाशे रुपये: हुरडा, गुळाचा खडा, लसणाची चटणी, दही, बैलगाडीची फेरी, बाजेवर फोटो. पुतण्यानं बापाला सांगितलं नाही. घरच्या शेतात ज्वारी उभी असताना विकतचा हुरडा खाणं म्हणजे आमच्याकडं विहीर असताना बाटलीचं पाणी पिण्यासारखं. त्यानं सांगितलं, ‘मोहट्याला देवीच्या दर्शनाला चाललोय.’

आगटीपाशी बसले. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसलेली, धोतरवाला म्हातारा गरम कणीस तळहातावर चोळतोय, कोवळे हिरवे दाणे ताटात पडतायत. पुतण्यानं पहिला घास घेतला आणि थांबला. म्हणाला, ‘बाबा, लई गोड आहे. कुठली ज्वारी?’ म्हाताऱ्यानं शेजारच्या पोत्याकडं मान केली. पोत्यावर निळ्या शाईत माझ्या भावाचं नाव.

रात्री भावाला फोन केला तर तो जराही ओशाळला नाही. ‘दादा, पोरगं घरी आलं असतं तर फुकट खाऊन गेलं असतं. तिथं खाल्लं तर कणसाचे पैसे मला मिळू राहिले. आणि मोहट्याला गेलं म्हणतं, तर देवीच्या नावानं दोनशे एक रुपये टाक म्हणावं पेटीत, खोटं नको बोलाया.’

मागच्या रविवारी संध्याकाळी वरून अरुण दाते चालू होते. ही खिडकीशी. अचानक म्हणाली, ‘आपण पण जाऊन येऊ की.’

‘कुठं?’

‘दर्शनाला.’

‘कोणत्या देवाच्या?’

‘चांदबिबीच्या,’ ती म्हणाली आणि डासाला मारल्यासारखा हात हलवला.

स्कूटर आता नाही. रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, सकाळी सातला. शेंगदाण्याचे लाडू हिनं रात्रीच केले आणि डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवला. सकाळी चपला घालतोय तोच फोन वाजला. भाऊ.

‘दादा, एवढ्या सकाळी कुठं निघाले?’

‘दर्शनाला,’ मी म्हणालो.

‘मग थांबा जरा. मी माळीवाड्याला उतरलोय. येऊ राहिलो.’