ध्रुवबाळ

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेत एखादा तरी माणूस कालनिर्णय चोरासारखा वाचायला लागतो. बाकीच्यांना एकादशी, संकष्टी, लग्नाची तिथ हवी असते. याला फक्त अमावास्या हवी असते. ती शनिवारी आली तर घरातली म्हातारी माणसं कानाला हात लावतात आणि हा खूश होतो, कारण रविवारी सुट्टी.

दिवसा हा इसम चारचौघांसारखा. शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंग तपासतो, बँकेत कर्जाच्या फायली बघतो, नाहीतर राजारामपुरीत लोकांचे दात काढतो. रात्री मात्र तो माळावर जाऊन ताऱ्यांच्या रेघांचे फोटो काढतो. आम्ही त्याला ध्रुवबाळ म्हणतो. पुराणातल्या ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवलं म्हणून तो रानात गेला. आमच्या ध्रुवबाळाला कुणी उठवलेलं नसतं, उलट बायको "आज तरी घरात झोपा" म्हणत असते, तरी तो जातो.

कोल्हापूरची थंडी ती केवढी! जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधराला आला की आम्ही रंकाळ्यावर स्वेटर दाखवायला जातो. ध्रुवबाळाची तयारी मात्र लडाखची. दोन जर्किनं, कानटोपी, वर आजोबांची घोंगडी. पिशवीत कॅमेरा, तिपाई, जादा बॅटऱ्या (गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते), लाल उजेडाची टॉर्च (लाल उजेडानं अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही), लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहाचा थर्मास आणि एक पायमोजा. मध्यरात्र उलटली की भिंगावर दव धरतं आणि पुढचे सगळे फोटो वाया जातात. म्हणून मोज्यात गरम राहणारी पुडी घालून तो भिंगाला गुंडाळायचा. जोडीतला दुसरा मोजा घरात आई आठवडाभर शोधत असते.

शास्त्र तो कुणालाही सांगतो, विचारलेलं असो वा नसो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. कॅमेरा पृथ्वीवर घट्ट उभा, म्हणून तारे फोटोत रेघ ओढतात आणि उत्तरेकडे तोंड केलं तर सगळ्या रेघा ध्रुवाभोवती गोल फिरतात. फिल्मच्या काळात शटर तासन्‌तास उघडं ठेवून एकच फोटो काढत. आता ३० सेकंदांचा एक असे लागोपाठ काढायचे आणि संगणकावर एकावर एक चढवायचे. एकच लांब फोटो धरला आणि मध्ये कुणाची मोटरसायकल आली, तर अख्खी रात्र पांढरी होते. तीन तासांचे हिशेबानं ३६० फोटो, आणि त्यातून ४५ अंशांचा कंस. एवढं ऐकून झाल्यावर समोरचा विचारतो, "मग लग्नाच्या ऑर्डरी घेता काय?"

जागेची पंचाईत निराळीच. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजाच्या वर तेवढाच, हात लांब करून दीड मूठ. लडाखात हानलेला तो जवळजवळ दुप्पट उंचीवर. आमच्याकडे समोर एखादी टेकडी, आंब्याचं झाड किंवा भावी आमदाराच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक आला की ध्रुव गेला.

पन्हाळ्यावर हॉटेलांचे दिवे. तिथं शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे, हे ध्रुवबाळ अशा थाटात सांगतो की जागा त्यानंच सुचवली असावी. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा घडवला तोही इथेच. थोडक्यात आकाश आणि कॅमेरा दोन्ही आपल्याच गावचे. "बाबूरावांच्या कॅमेऱ्यापुढं निदान माणसं तरी हलत होती," असं कुणी म्हटलं की तो शांतपणे म्हणतो, "माझ्या कॅमेऱ्याखाली पृथ्वी हलते." दाजीपूरचा अंधार अस्सल, पण १९५८ साली तिथं अभयारण्य झाल्यापासून तो गव्यांच्या नावावर आहे. नागपूरकडचं पेंच २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' जाहीर झालं, तेव्हा त्यानं रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं होतं 'अंधार'. साहेबांनी त्याला बोलावून घरचं सगळं बरं आहे ना, अशी चौकशी केली.

शेवटी मुक्काम पडतो तो मसाई पठाराच्या अलीकडच्या एखाद्या माळावर. इथं निसर्गानं आमच्या जिल्ह्याची खास थट्टा केली आहे. जून ते सप्टेंबर कोल्हापूरला आकाश नसतं, पाऊस असतो. आकाश मोकळं होतं नोव्हेंबर ते मार्च, आणि नेमका तोच उसाचा हंगाम. वारणेच्या खोऱ्यातल्या कारखान्याचे दिवे बरोबर ध्रुवाच्या पायाशी. कुठं पाचट पेटलेलं, कुठं गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर. रस्त्यावरून दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला. मागं रिफ्लेक्टर नसेल, पण पुढं रंगीत दिवे आणि मोठ्या आवाजात गाणी हमखास. ध्रुवबाळाच्या पहिल्या हंगामातले फोटो बघितले तर ताऱ्यांपेक्षा ट्रॅक्टरच्या रेघा ठळक आहेत. एका फोटोला त्यानं 'मानव आणि विश्व' असं नाव देऊन वेळ मारून नेली.

आणि शेतीची थ्री-फेज लाइट रात्रीची असते. तेव्हा माळ निर्मनुष्य असेल ही समजूत शहरातली. खालच्या बांधावर कुणी ना कुणी उसाला पाणी पाजत असतोच, आणि त्याच्याकडची बॅटरी कारखान्याच्या दिव्याला लाजवेल अशी.

"कोण हाय रं तिकडं?"

"मी हाय मामा. फोटो काढालोय."

"कुणाचा?"

"ताऱ्यांचा."

बॅटरीचा झोत थेट भिंगावर. चार फोटो बाद.

"अमुशाला? गुप्तधनाचं काय न्हाई न्हवं?"

"न्हाई वो मामा."

"लिंबूबिंबू?"

"हाय, पर च्यात पिळलंय."

मामांनी वास घेऊन खात्री केली, कपभर चहा घेतला आणि तिपाईपाशी उकिडवे बसले. "किती फोटो काढायचं?"

"तीनशेसाठ."

"आन् त्यातनं निघणार किती?"

"एक."

मामांनी बराच वेळ विचार केला. "उतारा लई कमी हाय की वो तुमचा! आमचा ऊस शंभराला बारा तरी पडतोय."

मग त्यांनी वर बघून मृगातलं तिकांडं कललेलं पाहिलं, दुसरं दार मोडायची वेळ झाली म्हणाले आणि गेले. ध्रुवबाळानं घड्याळ बघितलं. मामा बरोबर होते. मोबाइलमधल्या आकाशाच्या ॲपसाठी त्यानं वर्षाची वर्गणी भरलेली होती, हे तो तेव्हा बोलला नाही.

घरची आघाडी वेगळी. लग्नात सप्तपदीनंतर गुरुजींनी ध्रुव बघा म्हणून सांगितलं होतं. मुहूर्त दुपारचा, त्यामुळे दोघांनी मंगल कार्यालयाच्या पंख्याकडे बघितलं. आता ध्रुवबाळ बायकोला स्क्रीनवर मोठा करून दाखवतो की ध्रुवसुद्धा बारीकशी रेघ ओढतोच. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकलेला आहे, अढळ वगैरे काही नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा घुमत असल्यानं आणखी बारा हजार वर्षांनी ती जागा अभिजितकडे जाणार. बायको म्हणाली, "मग दक्षिणा परत मागून आणा."

पहाटे तो गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन घरी येतो आणि संध्याकाळपर्यंत एक फोटो तयार होतो. काळ्याभोर माळावर एकटं झाड आणि वर शेकडो कंस. फोटो खरंच सुंदर असतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिलं उत्तर येतं, "छान रांगोळी." मामेभाऊ म्हणतो, "भावा, एडिट हाय हे." सासरे पोचपावती म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवतात.

तरी माझं मत विचाराल तर हा आमच्या जिल्ह्यातला सर्वांत निरुपद्रवी नादिष्ट. तो डॉल्बी लावत नाही, फलक लावत नाही, निवडणुकीला उभा राहत नाही. त्याला सगळ्यांनी फक्त दिवा मालवायला हवा असतो. त्याचा त्रास एकच, तो समजावून सांगतो.

तेव्हा अमावास्येच्या रात्री मसाईकडच्या रस्त्यानं जाताना माळावर लाल दिवा आणि घोंगडीतला माणूस दिसला, तर भिऊ नका, दगड मारू नका. डिपर देऊ नका, गाडी सावकाश पुढं काढा. आणि काही झालं तरी काच खाली करून "काय करालाईसा?" असं विचारू नका.